इंदूरहून निघालेल्या ग्रुपला समुद्राची ओढ कशी शिकवायची

इंदूरहून गोव्याला नाहीतर कोकणात ग्रुप निघाला की त्यात एक जण असतोच, ज्याच्याकडे यादी, जमा झालेले पैसे, कोणाला खिडकी हवी आणि कोणाला कांदा-लसूण चालत नाही हे सगळं असतं. हे त्याच्यासाठी लिहितोय, किंवा तिच्यासाठी, बहुतेक वेळा तीच असते. किनाऱ्यावर पोचल्यावर तीस-चाळीस माणसांना कोणी काही सांगू शकत नाही हो. रात्रभर गाडीत आखडलेले लोक, समोर एवढं पाणी, पोरं चपला फेकून पळालीसुद्धा आणि तुम्ही मागून ओरडताय की काका थांबा जरा, तर काका कधीच गुडघाभर पाण्यात. म्हणून रिप करंट, म्हणजे किनाऱ्याकडून आत ओढणारी ती धार, इंदूरातच शिकवायची. रामबागेत कोणाच्या तरी हॉलमध्ये, पंखा लावून, चहाच्या आधी. चहा झाला की लोक उठतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड टाकून हे होत नाही, खाली पंचवीस हात जोडलेले येतात आणि एकानेही वाचलेलं नसतं. बसमध्ये माईकवर पण नको, तिथे अंताक्षरी चालू असते. समोरासमोर अर्धा तास काढा, आणि त्यात भीती घालू नका. मुरुडला १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या कॉलेजची डझनाहून जास्त मुलं सहलीत बुडाली, हे एकदा शांतपणे सांगा आणि पुढे जा. बुडाल्याच्या बातम्याच सांगत बसलात तर अर्धे लोक 'मग आपण पाण्यात जायचंच नाही' म्हणतील आणि उरलेले अर्धे ऐकणंच बंद करतील. तुम्हाला दोन्ही नकोय. लोकांनी पाण्यात मजा करावी पण कुठे जायचं आणि कुठे नाही हे त्यांचं त्यांना दिसावं, एवढंच.

सुरुवात कुठून करायची? आपल्या लोकांना समुद्र माहीत नाही पण नर्मदा माहीत आहे. महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर, प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी तिथे पोहायला शिकलेला असतो आणि तो हे हमखास सांगतो पण. तर त्यालाच विचारा, काका, धारेत सापडलात तर काय करता? काका लगेच सांगतील की धारेच्या उलट कधी मारायचं नाही, वाहत जायचं आणि तिरकं तिरकं काठाला लागायचं. झालं, अर्धं काम काकांनीच केलं. आता सांगा की रिप म्हणजे समुद्राच्या आत वाहणारी एक नदीच आहे, किनाऱ्यापासून निघते आणि खोल पाण्याकडे जाते, आणि हिचे काठ म्हणजे दोन्ही बाजूला जिथे लाटा फुटून पांढरं पाणी झालंय ती जागा. म्हणून काठ गाठायचा तर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारायचे नाहीत, बाजूला जायचं, पांढऱ्या पाण्याकडे. हे एकदा डोक्यात बसलं ना की बाकी सगळं त्यालाच लटकवता येतं.

आता एक गोष्ट तेवढ्याच जोरात सांगायची. नर्मदेत काकांना काठ दिसत असतो आणि तिथेच जायचं असतं. समुद्रात डोळ्यांना दिसतो तो किनारा, तिथे बायको उभी आहे, पोरं उभी आहेत, आणि माणूस सगळा जीव लावून सरळ तिकडेच पोहतो, म्हणजे धारेच्या बरोब्बर उलट. रिपचा वेग बऱ्याचदा सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास असतो, ऐकायला काहीच नाही वाटत, पण मिनिटाला तीस मीटर झाले, पूलच्या एका लांबीपेक्षा जास्त. जोरात असली तर सेकंदाला दोन-अडीच मीटरपर्यंत मोजलीय, त्याच्यापुढे ऑलिंपिकवाला पण हरेल. थोडक्यात माणूस ओढीने मरत नाही, दमून मरतो. आणि ही ओढ खाली खेचत नाही, हे पण नक्की सांगा, कारण सगळ्यांच्या डोक्यात असतं की समुद्र पाय धरून खाली नेतो. ती वरच्यावर, लांब नेते. लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे गेली की पसरून ढिली पडते. बऱ्याचदा तर ती गोल फिरून माणसाला परत उथळ पाण्याकडे आणते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्यावर जीपीएस लावलेले तरंगते डबे सोडून हे मोजलंय, २०१० मध्ये त्याचा पेपर आला, आणि बहुतेक डबे लाटांच्या पट्ट्यातच गोल गोल फिरत राहिले. सगळे नाही, काही बाहेर गेले. म्हणून 'आपोआप परत येशील' असं कोणाला सांगायचं नाही, पण पहिल्या मिनिटाला घाबरून शक्ती घालवायची नाही हे त्यावरून पटवता येतं.

धार बनते कशी ते बोलून समजत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी मोठी परात घ्या, पुरणाला काढतो ती, आणि खेळण्याची नाहीतर बांधकामाची धुतलेली वाळू. परातीच्या एका बाजूला वाळूचा उतार करा, तो किनारा. त्याच्यापासून वीतभर अंतरावर किनाऱ्याला समांतर वाळूचा बांध घाला, दोन बोटं उंच, आणि मधोमध बोटाने एक फट पाडा. आता बाहेरच्या बाजूला पाणी ओता, बांधाच्या जरा खालीच राहील इतकं. मग एक छोटी ताटली घेऊन पाणी बांधावरून आत ढकला, लाट येते तसं, पुन्हा पुन्हा, घाई न करता. बांधाच्या आत पाणी साचतं, किनाऱ्याला लागून दोन्हीकडून फटीकडे सरकतं आणि फटीतून बाहेर पळतं. रंगपंचमीचा उरलेला रंग असतो ना घरात, गेरमधून, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीतून, आल्यावर पुडी तशीच पडलेली असते, त्यातला चिमूटभर किनाऱ्याजवळ टाका. रंग सरळ बाहेर जात नाही, आधी किनाऱ्याला घासत बाजूला जातो आणि मग फटीतून एकदम लांब रेघ काढतो. पोरं तर तीन-तीनदा करायला लावतात. बांध जरा ओला आणि घट्ट दाबा, नाहीतर दुसऱ्या लाटेला सगळा बसतो आणि कोणीतरी म्हणतोच, 'भिया, गया तुम्हारा समुंदर'.

हे बघताना तीन गोष्टी बोटाने दाखवा. एक, पाणी किनाऱ्याला लागून बाजूला सरकतंय, म्हणजे गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाला पण ते हळूच सरकवत फटीपाशी आणून सोडू शकतं, तो म्हणतो मी तर हललोच नाही. दोन, फटीवर लाट फुटत नाही कारण तिथे खोल आहे, म्हणून ती जागा शांत दिसते. आणि तीन, हाताने बांध मोडून फट दुसरीकडे करा, धार पण तिकडे जाते. समुद्रात वाळूचे बांध असेच हलत असतात, काल जिथे पोरं खेळली तिथे आज फट असू शकते. खडकाजवळ, जेट्टीजवळ मात्र ती कायमची असते, पाणी खडकाला आपटून त्याच्या कडेनेच बाहेर जातं, म्हणून खडकाच्या कडेला फोटो भारी येतो तरी पोहायला ती जागा नाही म्हणजे नाही.

यातली दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिथेच थोडा वेळ घ्या. नवीन माणूस समुद्रावर येतो, दोन्हीकडे लाटा धडाधड फुटतायत, मध्ये एक पट्टा सपाट, गडद, मस्त शांत. त्याला वाटतं लेकरांना घेऊन इथेच जावं, इथे लाट नाही. आणि तीच ती फट असते. तर तुमच्या लोकांकडून हे एक वाक्य वदवून घ्या, मोठ्याने, आजीपासून पोरापर्यंत: शांत दिसतं तिथे जायचं नाही. ग्रुपमध्ये शेजारचे हिंदीवाले पण असतात, त्यांच्याकडून हिंदीत वदवा. लाजू नका, शाळेसारखं वाटतं पण तेच लक्षात राहतं.

दुसरं काम पूलमध्ये. ज्यांना पोहता येतं त्यांना निघायच्या आधी पाठीवर तरंगायला लावा. आपल्याकडे पूलवर सगळे फ्रीस्टाईल मारतात, वेळ लावतात, पण दोन मिनिटं काही न करता पाण्यावर पडून राहा म्हटलं की अर्धे बुडबुडे काढतात. डोकं मागे टाकायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, पोट वर, हात बाजूला हलके हलवायचे, श्वास मोठा आणि सावकाश. मान वर उचलून इकडे-तिकडे बघितलं की कंबर खाली जाते आणि माणूस उभा होतो, मग पाय मारावे लागतात. समुद्राचं पाणी खारं असल्यामुळे तिथे तरंगणं पूलपेक्षा सोपंच जातं, पण तोंडावर पाणी येतं आणि त्याचीच भीती वाटते, म्हणून प्रॅक्टिसच्या वेळी कोच जवळ असताना दुसऱ्याने थोडं पाणी तोंडावर उडवावं. तरंगता तरंगता एक हात वर करून हाक मारायची, हे पण करून घ्या. ज्यांना पोहताच येत नाही त्यांना आठ दिवसांत पोहायला शिकवायच्या भानगडीत पडू नका, अर्धवट पोहणारा हा न पोहणाऱ्यापेक्षा जास्त डोकेदुखी, तो आत जातो. न पोहणाऱ्याची हद्द गुडघा, कमरेपर्यंत नाही.

आता तारीख आणि वेळ. इंदूरची मंडळी १५ ऑगस्टच्या लाँग वीकेंडला गोवा काढतात कारण हॉटेल स्वस्त. स्वस्त का आहे ते सांगा. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, गोव्यात त्या दिवसांत पाण्यात उतरू नका असंच सांगतात, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंदच असते आणि आपला कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी बाहेर काढत नाही. ज्याचं सगळं आयुष्य पाण्यात गेलं तो घरी बसलाय आणि विजयनगरचा आपला पिंट्या बर्म्युडा घालून उतरतोय. पावसाळ्यात जायचंच असेल तर जा, पाऊस बघा, मासे खा, पाय ओले करायला हॉटेलचा पूल आहे.

ओहोटीच्या आसपास रिपला जास्त जोर असतो, कारण पाणी कमी झालं की सगळं त्या फटींतूनच जायला बघतं. भरतीला ती नसतेच असं नाही, पण ओहोटीची वेळ माहीत असलेली बरी. यासाठी कोकणातला जुना हिशेब आहे, कॅलेंडर भिंतीवर असतंच. तिथीला पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटे. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळ-रात्री नऊच्या आसपास. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. हा अंदाज झाला, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं आणि गोव्याला अजून थोडा फरक पडतो, म्हणून मोबाईलवर त्या गावाचं टाइड टेबल बघून घ्याच. पण गंमत म्हणजे हा हिशेब घरातल्या आजीला एकदा सांगितला की ती ग्रुपची भरती-ओहोटी खात्याची मंत्री होते आणि ट्रिपभर न विचारता वेळ सांगत राहते, तुमचं एक काम कमी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती जास्त वर येते आणि ओहोटी जास्त खाली जाते, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. अलिबाग-मुरुडच्या बाजूला उधाणाला पाण्याची पातळी चार-पाच मीटरने बदलते, गोव्यात साधारण दोनेक मीटरने. त्यामुळे ज्याने फक्त गोवा बघितलाय त्याला अलिबागचं पाणी किती लांब जातं आणि किती भरभर येतं याची कल्पना नसते. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेला जायचं असेल तर ओहोटीलाच, आणि तिथल्या खडकावर उभं राहून समुद्राकडे पाठ करून सेल्फी हा प्रकार यादीतूनच काढून टाका.

निघायच्या दोन दिवस आधी इनकॉईसची सूचना पण बघा, हैदराबादची सरकारी संस्था आहे, उंच लाटांचा इशारा तीच देते. कधी कधी आभाळ एकदम स्वच्छ असतं, वारा नाही, आणि लांब दक्षिणेच्या महासागरात झालेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी इथे येऊन आपटतात. केरळकडे त्याला कळ्ळक्कडल म्हणतात. आभाळ बघून समुद्र ओळखता येत नाही, हे आपल्या मैदानी माणसाला मुद्दाम सांगावं लागतं, त्याच्या हिशेबात ढग नाही म्हणजे टेन्शन नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर सामान हॉटेलवर टाकून आधी नाश्ता. पोट भरलेला माणूस पंधरा मिनिटं उभा राहतो. मग सगळ्यांना जरा उंच जागेवर घ्या, बांधावर, पायऱ्यांवर, झोपडीच्या ओट्यावर, कारण पाण्याच्या पातळीवरून रिप दिसत नाही, वरून दिसते. दहा मिनिटं फक्त बघायचं. लाटा सारख्या येत नाहीत, पाच-सहा छोट्या आणि मग तीन-चार मोठ्या अशा येतात, आणि मोठ्या आल्यानंतर धार एकदम जोर धरते, म्हणून दोन मिनिटं बघून 'काही नाही' म्हणायचं नाही. तुम्ही बोट दाखवू नका, त्यांना दाखवायला लावा. कुठे लाटा फुटत नाहीयेत? कुठे पाणी गढूळ, वाळूचं दिसतंय आणि ते बाहेर चाललंय? फेस कुठल्या बाजूला जातोय? सगळा फेस किनाऱ्याकडे येतो आणि एकाच पट्ट्यात उलटा आत जातो, ते एकदा दिसलं की माणूस विसरत नाही. वाळलेली काडी, नारळाचं सोडण टाकून बघा, प्लास्टिक नको. पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यावरची चकाकी कमी होऊन अजून नीट दिसतं. पोरं आधी ओळखतात, पुरुष मंडळी सगळ्यात शेवटी, का ते मला विचारू नका.

मग लाइफगार्डकडे जा आणि विचारा. गोव्यात २००८ पासून दृष्टी मरीनचे लाइफगार्ड असतात, साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. लाल-पिवळा झेंडा दोन ठिकाणी लावलेला असतो, त्या दोघांच्या मध्ये पोहायचं. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. आपल्या लोकांना लाल झेंडा बघून वाटतं की तो दुसऱ्यांसाठी आहे. सहानंतर म्हणजे सूर्यास्ताला, जेव्हा सगळ्यांना पाण्यात फोटो हवे असतात, तेव्हा लाइफगार्डची पाळी संपलेली असते, आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीची सवय असलेल्या इंदूरकराला तर खरी मजा रात्री दहाला सुरू होते असं वाटतं. रात्री पाणी बंद, यावर चर्चा नाही. कोकणात बऱ्याच किनाऱ्यांवर लाइफगार्ड नसतो किंवा एखादाच असतो, तिथे शहाळीवाला, होडीवाला, खानावळीतल्या मावशी, यांना विचारा की इथे कुठे ओढ आहे. ते सांगतात, फक्त कोणी विचारत नाही. गणपतीपुळ्याला तर इतक्या वर्षांत इतकी माणसं गेलीत की तिथे सूचनांचे फलकच लावलेत, देवळातून सरळ पाण्यात जाणारे ते वाचत नाहीत. 'इथे नका जाऊ' असं स्थानिक माणूस म्हणाला की वाद न घालता पुढे सरकायचं.

जोड्या लावा, एक पाण्यात तर दुसरा बघणारा, आणि बघणाऱ्याने मोबाईल खिशात ठेवायचा. दारू प्यायलेला माणूस पाण्यात जाणार नाही, हे इंदूरलाच ठरवून घ्या आणि त्याच्या बायकोसमोर ठरवा. लहान मुलांना हवेच्या ट्यूब, बदकं, मगरी घेऊन देऊ नका, पूलमध्ये ठीक आहे, समुद्रात वारा आणि धार मिळून ती ट्यूब पोराला घेऊन निघते आणि पोरगं घाबरून ती सोडतं. पोरं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा मोठा माणूस यांच्यात हाताचं अंतर. साडी, ओढणी, जीन्स ओली झाली की पायात गुंतते, त्यात चालणंही जड जातं. पाण्यात जाणाऱ्या बायकांना आधीच सांगा कपडे वेगळे आणायला, तिथे ऐनवेळी कोणी बदलत नाही.

सापडलंच कोणी तर काय करायचं, हे पाण्यात उतरायच्या आधी ओळीने उभं करून त्यांच्याकडून बोलवून घ्या. कमरेइतक्या पाण्यात असाल आणि पाय टेकतायत तर पोहू नका, चालत बाजूला व्हा. पाय सुटले तर आधी तरंगा, श्वास सावरा, हात वर करून हाक मारा. जरा ताकद परत आली की किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटतायत तिकडे पोहा. एका बाजूला पुढे सरकत नसाल तर दुसऱ्या बाजूला वळा, कारण किनाऱ्यालगतचा प्रवाह एका दिशेने असू शकतो. पांढऱ्या पाण्यात पोचलात की तिरकं, लाटेबरोबर किनाऱ्याकडे या, लाट मागून ढकलते. यातलं काहीच जमत नसेल तर नुसतं तरंगत राहा आणि हात हलवत राहा, ओढ कुठेतरी ढिली पडतेच आणि तरंगणारा माणूस लाइफगार्डला सापडतो. 'प्रत्येक वेळी हेच करा' असा एकच उपाय नाही, फक्त किनाऱ्याकडे सरळ पोहणं हा उपाय नाही एवढं पक्कं.

आणि आता ते, जे सांगायला सगळ्यात जड जातं. दुसरा कोणी सापडला तर उडी मारायची नाही. भाऊ असला तरी, पोरगं असलं तरी. एकाला वाचवायला दुसरा जातो, त्याच्या मागे तिसरा, आणि बातमीत एका घराची तीन नावं येतात. बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्यालाच खाली दाबून वर यायला बघतो, त्याला कळत नसतं. हातात हात धरून साखळी करायची तर बिलकुल नाही, पायाखालची वाळू सरकते आणि साखळी मधेच तुटते. काय करायचं तर तरंगणारी वस्तू फेकायची. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन, पाण्याच्या मोठ्या रिकाम्या बाटल्या, थर्माकोलचा डबा, ट्यूब, जे असेल ते. निघतानाच एक कॅन आणि त्याला बांधलेला वीस-पंचवीस मीटर दोर गाडीत ठेवा, दाल-बाफल्याचं सामान भरतो तेव्हा तोही भरायचा. एकाने त्या माणसावरून नजर हलवायची नाही, हात लांब करून सतत त्याच्याकडे दाखवत राहायचं, कारण लाटांमध्ये डोकं एकदा दिसेनासं झालं की परत सापडत नाही. दुसऱ्याने लाइफगार्डकडे पळायचं, तिसऱ्याने ११२ लावायचा, कोस्ट गार्डचा १५५४ आहे. आणि किनाऱ्यावरून ओरडायचं काय, तर 'तरंग, बाजूला ये', 'इकडे ये इकडे ये' नाही. ही कामं नावानिशी वाटून ठेवा, 'कोणीतरी फोन करेल' असं सोडलं तर फोन होत नाही.

बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढणं, उलटं लटकवणं, गोल फिरवणं, हे सगळं बंद. त्याने वेळ जातो आणि पोटातलं पाणी-अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं. श्वास चालू असेल आणि शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. श्वास बंद असेल तर बुडालेल्या माणसाला आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही, इंदूरात एखादे डॉक्टर ओळखीचे असतील तर त्याच अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात त्यांना दहा मिनिटं द्या, उशीवर करून दाखवतील. आणि जो पाणी प्यायला, खोकतोय पण 'मी ठीक आहे' म्हणतोय, त्याला पण दवाखान्यात न्यायचं, छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो. चेहऱ्यावर हसू आहे म्हणून रूमवर झोपवून ठेवू नका.

एक अडचण सगळ्या ग्रुपमध्ये येते, कोणीतरी मोठे, काका किंवा सासरे, ऐकतच नाहीत. त्यांना चारचौघांत टोकू नका, मान खाली जाईल आणि ते हट्टाने आत जातील. आदल्या रात्री बाजूला घेऊन सांगा की अण्णा, पोरं तुमचं बघून करतात, उद्या तुम्ही काठावर कॅन आणि दोर सांभाळा. जबाबदारी दिली की आपल्याकडची माणसं गुपचूप उभी राहतात, मग तेच सगळ्यांना दम देतात.

दुसऱ्या दिवशी हे सगळं पुन्हा करावं लागतं. पहिल्या दिवशी लोक जरा घाबरलेले असतात, दुसऱ्या दिवशी सगळे समुद्राचे जाणकार झालेले असतात आणि 'कालच बघितलं की' म्हणून सरळ कालच्याच जागी जातात. रात्रीतून वाळू हललेली असते, ओहोटीची वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकलेली असते. म्हणून परत उंचावर दहा मिनिटं, परत लाइफगार्डला विचारणं, परत जोड्या. आजी वेळ सांगेलच.